रोजचीच ओळ

१९९९ साल. साताऱ्यातल्या एका संग्रहालयाला दुसऱ्या महायुद्धात बर्मात कामी आलेल्या शिपायाची रोजनिशी इंटरनेटवर टाकायची होती. महेंद्रनं टायपिंग हौसेनं अंगावर घेतलं. प्रत्येक दिवसाच्या शेवटी एकच ओळ यायची. वाचणाऱ्याला लढाई हवी, तेच तेच कशाला, म्हणून त्यानं ती सगळीकडून गाळून टाकली.

संकेतस्थळाच्या उद्घाटनाला शिपायाची लेक, आक्काताई, खंडाळ्याहून आल्या. वडील लढाईवर गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. महेंद्रनं पडद्यावरचं सगळं त्यांना वाचून दाखवलं.

"माजं नाव कुटंच न्हाई व्हय?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आसूं द्या. लढाईत कुटली सवड आबास्नी!"

गाळलेली ओळ महेंद्रच्या डोळ्यांपुढून हलेना.


'आमची आक्का आता केवढी झाली आसंल?'