गवताची खात्री

तांबडी गाय उठेना, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या मानेत सुई घालून नळीत रक्त ओढलं. रक्त लाल नव्हतं. चहा फार वेळ उकळत राहिल्यावर होतो तसं काळपट, चॉकलेटी होतं.

"खायला काय घातलंत?"

"वाळलेलं गवत." बाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "कालच आलं. चांगलं आहे हो. वाळूनसुद्धा रंग हिरवा आहे बघा."

डॉक्टरांनी गव्हाणीतली एक जाड काडी उचलून मोडली.

"खत भरपूर टाकायचं आणि नेमकी पावसानं दडी मारायची, की असं होतं. गवत खत पीत राहतं, पण वाढत नाही. सगळं देठात साठतं. कापून वाळवलं तरी ते जात नाही. गाईनं खाल्लं, की तिचं रक्तच नासतं. श्वास चालू असतो आणि ती गुदमरत असते."

त्यांचं बोलणं संपायच्या आत तांबडीनं पाय ताणले. बाईनं मांडीवरचं डोकं हळूच खाली ठेवलं.

दुसरी गाय गाभण होती. तिच्या हिरड्या निळसर पडल्या होत्या, पण ती अजून उभी होती. डॉक्टरांनी तिला औषध टोचलं. "ही वाचेल असं वाटतं. पोटातल्याचं सांगता येत नाही. गवत कुणाचं?"

"माझ्या भावाचं."

"मग त्याच्या गाईंचं काय?"

बाई उठली आणि तशीच पळत सुटली.

भावाच्या अंगणात ट्रक उभा होता. ड्रायव्हर वर चढून गवताचे गठ्ठे रचत होता आणि भाऊ खालून एकेक वर देत होता. बाई कुणाकडे न बघता सरळ गोठ्यात घुसली आणि गव्हाणीतलं गवत कवेत धरून बाहेर फेकू लागली. पहिली कवळ फेकली, दुसरी फेकली. तिसरीला तिचे हात थांबले. गवत पिवळं होतं, ठिसूळ होतं, धुळीनं भरलेलं होतं. गेल्या वर्षीचं होतं.

ती बाहेर आली.

"माझी तांबडी गेली," ती म्हणाली. "तुझ्या तरी वाचाव्यात म्हणून पळत आले."

भावानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. त्याची दोरी तो उगाच घट्ट करू लागला.

"ताई, आमचं वासरू गेलं ना परवा, तेव्हाच मला जरा शंका आली होती. खात्री नव्हती."

"मग ते गवत मला का पाठवलंस?"

"चारा संपला म्हणून तूच रडत होतीस. नाही कसं म्हणणार? आणि तसं ते दुसऱ्या चाऱ्यात थोडं थोडं मिसळून घातलं तर बाधत नाही म्हणतात. सांगायचं राहून गेलं."

"शंका होती म्हणून तुझ्या गाईंना घातलं नाहीस. खात्री माझ्या गाईंवर करून घेतलीस."

भावजय दारात आली होती. "वन्सं, आधी बसा तरी. पाणी आणते."

बाई बसली नाही. तिनं वर पाहिलं. ड्रायव्हर दोर आवळत होता.

"अहो, हे गवत कुठं नेताय?"

"गोठे आहेत पुढच्या गावात. मोठी गिऱ्हाइकं आहेत."

"नेऊ नका. याच गवतानं आज माझी गाय मेली."

ड्रायव्हरनं दोर तसाच धरून ठेवला. "मालक, काय म्हणतायत या?"

"माझी बहीण आहे," भाऊ म्हणाला. "तिची गाय आजच गेली. तिचं मन ठिकाणावर नाही. तुम्ही बांधा."

ड्रायव्हरनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे पाहिलं आणि पुन्हा दोर आवळायला घेतला. त्याला अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.

बाईनं खालच्या गठ्ठ्यातून एक मोठी पेंडी उपसली. पेंडीला छान वास येत होता. ती घेऊन बाई गोठ्यात गेली आणि भावाच्या सगळ्यात दुभत्या गाईसमोर उभी राहिली. गाईनं मान लांब केली, जीभ बाहेर काढली.

"घालू का रे?" बाईनं विचारलं.

भाऊ धावत आला. त्यानं तिच्या हातावर असा फटका मारला, की पेंडी पार भिंतीपर्यंत उडाली. मग खाली वाकून त्यानं गाईच्या पायांशी पडलेल्या चार काड्यासुद्धा वेचून घेतल्या.

ट्रकवरून ड्रायव्हर सगळं बघत होता. त्यानं दोर सोडला आणि वरचा गठ्ठा पायानं खाली लोटला. मग दुसरा. मग हातानंच फेकायला लागला. अंगणभर गठ्ठे धपाधप आदळू लागले.

"वाटोळं केलंस," भाऊ म्हणाला. "सख्ख्या भावाचं वाटोळं केलंस तू."

बाईच्या घरी एक गाय अजून उभी होती आणि तिला घालायला घरात याच गवताशिवाय दुसरी काडी नव्हती. मघाशी आपणच बाहेर फेकलेलं पिवळं गवत तिनं गोळा केलं, बांधलं आणि भारा गुडघ्यावर टेकवून डोक्यावर घेतला. भावजय हात लावायला पुढं आली, पण तोवर भारा चढलेला होता.

फाटकाशी ती थांबली. भारा डोक्यावर होता म्हणून तिला मागं वळता येत नव्हतं. ती रस्त्याकडे बघतच म्हणाली,

"एक भारा उसना नेतेय. परत आणून देईन."