अटॅचमेंट उघडत नाही

"काहून पाठवून राहिली वं त्याले परत?" सिंधूताईंनी विचारलं.

अपेक्षा लॅपटॉपवर वाकलेली होती. ईमेलला फाईल जोडली जात होती. पेटीवर वाजवलेली नुसती चाल, शब्द नाहीत.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांवर कृष्णकांतचा स्टुडिओ होता. शहरातला सगळ्यात मोठा ऑर्केस्ट्रा त्याचा. गेल्या वर्षी त्यानं तिच्याकडून दोन चाली मागवल्या. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: "अटॅचमेंट उघडत नाही." आणि दोन्ही चाली पुढं त्याच्या नावानं स्टेजवर वाजल्या.

ती जाब विचारायला गेली, तेव्हा तो वादकांसमोर हसला होता. "मेल आला असंन. फाईल उघडलीच नाही, तं चोरू काय?"

तेव्हापासून कुठल्याच ऑर्केस्ट्रात तिला कोणी उभं केलं नाही. शहराबाहेरच्या कोराडीच्या क्वार्टरमधली भांडखोर पोरगी, एवढीच तिची ओळख उरली.

"ऐक तं," म्हणत तिनं आईच्या कानाला हेडफोन लावला.

सिंधूताईंनी चाल ऐकली. मुलीकडं एकदा रोखून पाहिलं आणि पोळ्या लाटायला गेल्या.

"या बारीले फाईल लहान केली मी," अपेक्षा मागून म्हणाली. "उघडते बरोबर." आणि तिनं मेल पाठवला.

दोन दिवसांनी उत्तर आलं: "अटॅचमेंट उघडत नाही."

ते वाचून ती जेवायला बसली. भाजी दोनदा मागून घेतली.

उन्हाळ्याच्या तोंडावर नव्या चालींच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. सभागृह गच्च भरलेलं. कृष्णकांतनं चालीवर चांदण्याचे शब्द बसवले होते. पहिल्याच ओळीला सिंधूताईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईंनी हळहळून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

गाणं संपलं आणि लोक उभे राहिले.

"रामटेकच्या गडावर सुचली मले हे चाल," कृष्णकांत माईकवर म्हणाला. "आजपावेतो कोणाच्याच कानावर पडली नाही!"

पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. सगळ्यात जोरात टाळ्या अपेक्षानं वाजवल्या. खाली उतरताना तो तिच्यापाशी थांबला.

"शिकून घे काही," तो म्हणाला.

"हो सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीची गल्ली हातगाड्यांसकट तुंबली. व्यापाऱ्यांनी कृष्णकांतला हार घातले, पेढे वाटले. टीव्हीवाल्यांनी कॅमेरा लावला. "सर, एकदा मुखडा होऊन जाऊ द्या."

त्यानं डोळे मिटले. मुखडा गायला. तो थांबला, पण चाल थांबली नाही. ती गल्लीच्या तोंडाकडून, भोंग्यातून येत होती आणि आवाज अपेक्षाचा होता, खणखणीत:

"बादली आणा हो, बादली आणा, ओला निराळा, सुका निराळा आणा..."

गर्दीनं वाट दिली. हिरवी कचरागाडी हळूहळू आत शिरली. हार सावरत कृष्णकांत गाडीपुढं धावला.

"बंद कर! माही चाल आहे ते!"

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुमची कशी जी? कोराडीले तं दिवाळीपासून रोज वाजून राहिली. अपेक्षाताईची आहे. इकडच्या गाड्यांले आजपासून लावली."