सोमवारचं मौन

दूध केंद्रांना ॲप विकणाऱ्या कंपन्यांमध्ये सरस कोण, याचा अहवाल लिहिणाऱ्या विश्लेषकांना ऋतुजाच्या कंपनीचा एखादा ग्राहक व्हिडिओ कॉलवर हवा होता. ठरलेल्या ग्राहकाने ऐनवेळी पाठ फिरवली. उरलं एकच, केजजवळचं तिच्या आईचं, कडूबाईंचं दूध केंद्र. आणि नेमका श्रावणी सोमवार, म्हणजे त्यांचं दिवेलागणीपर्यंत मौन.

ऋतुजाने कपाळाला हात लावला. "आई, तू नुसती मान हलव. बाकी मी बघते."

कॉल लागला. विश्लेषकांनी विचारलं, "रेंज नसली तरी दुधाची नोंद होते का?"

कडूबाईंची मान हलायच्या आतच ऋतुजा म्हणाली, "आई म्हणतेय, बिनघोर होते."

"न्हाई ओ साहेब," कडूबाई बोलल्या. "रेंज गेली की खडूनं पाटीवर लिव्हावं लागतंय."

अहवालातली वरची जागा तिथंच गेली. कॉल बंद करून ऋतुजा वैतागून म्हणाली, "एवढ्या वर्षांचं मौन, ते आजच मोडायचं होतं का गं तुला?"

कडूबाईंनी महादेवापुढची वात सारखी केली. "मी कुठं मोडलं, बये? तू माझ्या नावानं खोटं बोललीस, तवाच मोडलं ते."