लेखावरचं नाव

पंचगंगेचं पाणी कसं तपासायचं, हे कालिंदीनं १९७७ आणि १९७८ ही दोन वर्षं हातकणंगले तालुक्यातल्या शाळाशाळांतून मुलांना शिकवलं आणि त्यावर आपला पहिला शोधनिबंध लिहिला. मगदूम सर तिचे मार्गदर्शक. "कच्च्या वह्यासुद्धा माझ्याकडंच ठेव, कुणाला दाखवू नको," असं ते म्हणाले, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

निबंध छापून आला, तो एकट्या सरांच्या नावानं!

ती तडक त्यांच्या खोलीत शिरली. "सर, माझं नाव कुठाय?"

सरांनी कोर्टाचा कागद पुढं सरकवला. निबंधातल्या पाण्याच्या नोंदींवरून, नदीत मळी सोडणाऱ्या साखर कारखान्यानं सरांवर बदनामीचा दावा लावला होता.


"हे येणार, ठाऊक होतं मला. तुझी नोकरी अजून कायम व्हायची हाय की, पोरी."