तीन वर्षांच्या गंगाताई

मिरजोळ्याला अंगणवाडी सेविकांचं ट्रेनिंग होतं आणि शेवटच्या दुपारी प्रात्यक्षिक. एकीने बाई व्हायचं, बाकीच्यांनी पोरं. रडणारं पोर न ओरडता, खाऊ किंवा मोबाईल न दाखवता गप्प करायचं. जमलं तर पास, नायतर पुढच्या महिन्यात सगळं ट्रेनिंग परत.

नवीनच लागलेल्या आसियाचा नंबर आला. रडणारं पोर व्हायला उठल्या कोण, तर गंगाताई. नोकरी वीस वर्षांची, पण खोड्यांत तालुक्यात पहिल्या.

"ताई, जरा सांभाळून घ्या हां," आसिया त्यांच्या कानाशी म्हणाली.

"ताई कोण गो? मी तीन वर्षांची हाय," म्हणत गंगाताई सतरंजीवर गडाबडा लोळल्या आणि "आईकडे जायचंय" म्हणून असं भोकाड पसरलं, की बाहेरचा चहावाला आत डोकावला.

आसियाने गाणं म्हटलं, बाहुली नाचवली, माकडासारख्या उड्यापण मारून झाल्या. कशाचा म्हणून उपयोग नाही. शेवटी बिचारी दमून खाली बसली, गंगाताईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसती थोपटत राहिली. हळूहळू आवाज बंद झाला.

"पास," ट्रेनिंग घेणारे सर खूश होऊन म्हणाले. "गंगाताई, उठा आता. मूल म्हणून तुम्हाला काय वाटलं, ते सगळ्यांना सांगा."

 

आसियाने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, सर. पहाटे चारला उठून घरच्या सगळ्यांचे डबे करून आलंय पोर, आता कुठे डोळा लागलाय."