दुसरा डबा

दर शनिवारी बालवाडीच्या हेमांगीताई नानाखेडा बसस्टँडमागच्या हिंदीभाषक वस्तीत घरोघर जाऊन मुलांना खेळण्यांचा एकेक डबा देत. डब्यावर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी. आईने रोज मुलाला घेऊन बसायचं आणि खेळवायचं, अशी पद्धत.

"दीदी, मम्मी मुझे खेलने ही नहीं देती!" चार वर्षांच्या परीने दारातच गाऱ्हाणं मांडलं. आत फरशीवर लाकडी ठोकळ्यांचं दुमजली घर उभं होतं.

हेमांगीताईंचा पारा चढला. "अरे, डब्बा बच्ची के लिए है, इतना तो समझो!"

परीची आई जेमतेम विशीतली. हातातला ठोकळा पदराआड लपवत ती म्हणाली, "बस, छत बाकी थी दीदी. हमने तो कभी खेला ही नहीं."

हेमांगीताई तिच्या शेजारी बसल्या. पिशवीतून दुसरा डबा काढून त्यांनी त्यावर कोरी चिठ्ठी चिकटवली. "नाम बोलो."

"परी की मम्मी."

"वो तो बेटी का हुआ. तुम्हारा?"

ती लाजली. "सुगना."

परी डोळे विस्फारून आईकडे बघतच राहिली. "मम्मी, तेरा भी नाम है?"