नरहरगुरुजींची गाठ

"घाबरून धरलं की क्लच. झडप घालून धरलं की ग्रॅब. समोरून येणारं धरलं की कॅच." शरदिनीनं नॅपकिनचं एक टोक नातीपुढे केलं. "हं, कर बघू."

दहा वर्षांच्या इरावतीनं टोक पकडलं. तिन्ही वेळा सारखंच.

"आजी, सब तो पकडनाच आहे. इतके शब्द कशाला लागतात त्यांना?"

चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना शरदिनीनं ही क्रियापदं अशीच शिकवली होती, हातात कापड देऊन. पाठ केलेलं पोरं विसरतात, हातानं केलेलं विसरत नाहीत, असं ती नव्या शिक्षकांना ऐकवायची. उद्या इराची परीक्षा होती. यादीतला स्नॅच तेवढा राहिला होता, इतक्यात दारात नरहरगुरुजी येऊन उभे राहिले.

गुरुजी काशीच्या पंचगंगा घाटावरचे पुरोहित. महिन्यापूर्वी, लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून, त्यांनीच शरदिनीला आणि काशीनाथांना गाठ बांधून गंगेत उतरवलं होतं. नवऱ्याच्या उपरण्याला बायकोचा पदर, आणि जोडीनं तीन डुबक्या. तिसऱ्या डुबकीला काशीनाथांचा पाय शेवाळावरून घसरला, गाठ सुटली आणि ते गेले. शरदिनी घाटाची साखळी धरून राहिली म्हणून वाचली. गुरुजी तेव्हा वरच्या पायरीवर दुसऱ्या यजमानांचा संकल्प सांगत होते. गाठ ढिली बांधली होती, हे शरदिनीच्या मुलानं, निमिषनं, त्याच दिवशी ठरवून टाकलं आणि गुरुजींच्या फोटोसकट मोबाइलवरून अख्ख्या काशीला कळवलंही.

"बसा ना गुरुजी."

गुरुजी उंबऱ्यापाशीच टेकले. पाणी नको म्हणाले.

"वहिनी, घाटावरच्या माझ्या चौकीवर आता कोणी यजमान बसत नाही. नागपूरची मंडळी कालपर्यंत माझ्याकडे येणार म्हणत होती. आज सकाळी माझ्यासमोरून शेजारच्याकडे गेली. नावेवरचे मल्लाहसुद्धा हसतात. ढीली गाँठवाले पंडितजी म्हणतात मला."

"मी बोलते निमिषशी," शरदिनी म्हणाली. हे वाक्य ती महिनाभर रोज मनात म्हणत होती. निमिष समोर आला की ती दुसरंच काही बोलायची.

"एवढंच सांगा त्याला, की गाठ पक्की होती. तुम्ही बघितली होती ना बांधताना? वडिलांनी शिकवलेली गाठ आहे ती. एक बार कापड भिजलं की नखानं सुटत नाही. स्नान झालं की यजमान मलाच हाका मारतात, गुरुजी, सोडवा आता. अहो, मीसुद्धा दातांनीच सोडवतो."

शरदिनीनं ओठ मिटले. पण उशीर झाला होता. गुरुजींची नजर तिच्या तोंडावर येऊन थांबली होती. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. पायरीवर आपटून तुटला, असं तिनं घरात सांगितलं होतं आणि कोणी पुन्हा विचारलं नव्हतं.

दात पायरीवर आपटलाच नव्हता. एका हातात साखळी होती आणि पाण्याला अशी ओढ होती की खांदा उखडून येईल. मग काशीनाथ पाण्याबरोबर वळून जवळ आले, ताणलेलं कापड सैल पडलं, आणि त्यांनी हात पुढे केला. हातभर अंतर होतं. शरदिनीचा दुसरा हात मोकळा होता. त्या हातानं तिनं नवरा धरला नाही. गाठ धरली आणि तोंडात घातली. सुटता सुटता कापडाला हिसका बसला तेव्हा दाताचा कोपरा उडाला. काशीनाथ तिच्याकडेच बघत होते. बुडायची भीती वाटली, एवढंच खरं होतं. त्याला याहून बरं नाव द्यायला तिला महिनाभरात जमलं नव्हतं.

गुरुजींनी नजर वळवली आणि धोतराचा सोगा सावरला.

"ढिलीच राहिली असेल, वहिनी. वय झालं. हात कापतात माझे."

मांडीवर ठेवलेले त्यांचे हात जराही कापत नव्हते.

"गुरुजी, मी..."

"पोरगी बसलीय," गुरुजी हळूच म्हणाले आणि उठले. चपला त्यांनी पायात घातल्या नाहीत, हातात घेतल्या, आणि गल्लीतून घाटाकडे निघाले.

शरदिनी दाराकडे बघत राहिली. हाक मारायला अजून वेळ होता. वळणावरच्या दुकानापर्यंत गुरुजी दिसत होते. मग दिसेनासे झाले.

"आजी, मीपण मारली गाठ," मागून इरा म्हणाली. मोठ्यांचं बोलणं चाललं असताना तिनं नॅपकिन पाण्याच्या भांड्यात बुडवून त्याची दोन टोकं करकचून बांधली होती. "गुरुजी सही बोल रहे थे. नखानं सुटतच नाही. थांब, दातांनी बघते."

तिनं गाठ तोंडाजवळ नेली.

शरदिनीनं झेप घेऊन ती तिच्या हातातून हिसकावली. भांडं कलंडलं, पाणी वहीवर सांडलं. इरा दचकून आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"स्नॅच!" ती म्हणाली. "हाच ना, आजी? आता नाही विसरणार."